बास म्हटल्यावर

परवा पुण्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीच्या गाडीवर डहाळ्याच्या जुड्या आल्या. डहाळा म्हणजे घाट्यांसकट उपटलेला हिरवा हरभरा. मी एक घाटा तोडून दाताखाली धरला, तर गाडीवाल्या बाई म्हणाल्या, "साहेब, धुऊन खा." धुतलेला हरभरा खाण्यात काही अर्थ नाही हे त्यांना सांगण्याच्या फंदात मी पडलो नाही. हरभऱ्याच्या पानांवर थंडीत आंबट-खारट आंब धरते. ती जिभेला लागली पाहिजे, ओठ जरा चरचरले पाहिजेत, तरच मार्गशीर्ष आला म्हणायचं. या जुड्यांवर कुणीतरी आधीच पाणी मारून त्यांना टवटवीत करून ठेवलं होतं. तरी मी दोन घेतल्या, घरी आणून ओट्यावर ठेवल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

का टाळलं ते मला ठाऊक होतं. डहाळा आला म्हणजे येळवस आली. येळवस आली म्हणजे घाटनांदूरहून बसूचा फोन येणार, आणि फोन आला म्हणजे मला काकूंच्या पंगतीला बसावं लागणार. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं जेवायला बसण्याची धास्ती घ्यावी, हे सांगायलासुद्धा कसंतरी वाटतं.

घाटनांदूर हे माझ्या चुलत्यांचं गाव. चुलते म्हणजे आप्पा. त्यांचं बाजारपेठेत किराणा दुकान आहे आणि गावाबाहेर थोडं रान. बसू हा त्यांचा मुलगा, माझ्यापेक्षा बराच लहान, आणि गिरजाकाकू ही बसूची आई. आम्ही केजला राहायचो. येळवसला आधी एसटी, मग जीप असं करत, मांडीवर धाकट्या बहिणीला आणि पिशवीला सांभाळत आम्ही घाटनांदूर गाठायचो. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्या भागात अख्खं गाव रानात जातं. दुकानांना कुलपं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. ज्याला रान नाही त्याला कुणीतरी आपल्या रानात नेतंच. ज्वारी छातीला लागलेली असते. तिच्यात कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्यानं पांढरे केलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. आप्पा घोंगडी पांघरून, आंबिलीचं मडकं काखेत धरून रानाला वेढा घालायचे आणि आंबील शिंपडत "ओलगे ओलगे" अशी आरोळी ठोकायचे. दुकानात बसून दिवसभर हळू आवाजात बोलणारे आप्पा त्या एका दिवशी ओरडायचे, आणि आम्हा पोरांना त्याचीच मजा वाटायची.

मग पंगत बसायची. ढेकळं सारखी करून त्यावर पोतं, समोर पत्रावळ. बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर, आणि मुख्य म्हणजे भज्जी. तळलेली भजी वेगळी. ही भज्जी म्हणजे हरभरा, तूर, वाल, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, रानात असेल ते सगळं चिंचेच्या पाण्यात आणि बेसनात शिजवून केलेलं दाट गरगट. आणि ते वाढायला काकू.

काकू वाढताना विचारायच्या नाहीत. त्यांची पळी पत्रावळीवर यायची तेव्हा त्यांची नजर भलतीकडंच असायची, कोपीकडं, रस्त्याकडं, कुठंही. "बास काकू, बास" असं म्हणेपर्यंत भज्जी पडलेली असायची. कुणी दोन्ही हात आडवे धरले तर हातांवर पडायची. पाहुणा फारच कळवळला तर त्या एकच वाक्य बोलायच्या. "पोटाला इच्यारून सांग, तोंडाला न्हाई." आणि पुढच्या पत्रावळीकडं जायच्या. शेजारच्या रानातला माणूस, बांधावरून जाणारा परका, आमच्या सोयाबीन निघालेल्या रानात मेंढ्या बसवायला आलेले म्हाळप्पामामा, सगळ्यांना एकच न्याय होता. म्हाळप्पामामा तर पंगतीला बसतानाच कंबरेचा पट्टा सैल करायचे.

हे सगळं मी पुढं विकलं. विकलं हा शब्द जड वाटतो, पण दुसरा शोधत बसलो तर तीही लबाडीच होईल.

मी दूरचित्रवाणीवरच्या मालिका लिहितो. रडारडीच्या दोन मालिका लिहून झाल्यावर मला एक विनोदी मालिका मिळाली. तिचं नाव इथं लिहीत नाही. ज्यांनी पाहिली त्यांना कळेलच, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांचं फारसं नुकसान झालेलं नाही. शहरातली एक सोसायटी, तिथं मुलाकडं राहायला आलेली गावाकडची एक काकू, आणि ती दारात येईल त्याला जेवू घालते, एवढीच कल्पना. कल्पना ऐकून सगळ्यांना आवडली. कुणीतरी विचारलं, हे सुचलं कसं. मी म्हणालो, असंच सुचलं.

पहिले वीसेक भाग मी चांगले लिहिले. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आपल्याला चांगलं लिहिता येत होतं, हे कबूल केल्याशिवाय पुढची लाज नीट मोजता येत नाही. एका भागात विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला काकू पानावर बसवते. तो नको नको म्हणतो, ही वाढत राहते, तो घड्याळ बघतो, ही वाढत राहते. लोक हसतात. चौथ्या घासाला तो सहज सांगून टाकतो की आई गेल्यापासून घरी ताजी भाकरी झालेली नाही. काकू आणखी एक भाकरी टाकायला उठते. तो भाग लागला त्या संध्याकाळी मी सोफ्यावर ताठ बसून होतो. हसता हसता माणूस गप्प होतो, आणि त्याला गप्प करायला एकही मोठं वाक्य लागत नाही, हे मला जमलं होतं. ते काकूंकडून आलं होतं हेही मला माहीत होतं.

मग ते वाक्य फिरायला लागलं. पोटाला विचारून सांग. लोक त्याचा तुकडा कापून एकमेकांना पाठवायला लागले. बैठकीत सांगण्यात आलं की हे वाक्य दर भागात तीनदा तरी आलं पाहिजे. मी मान डोलावली. आधी ते जेवणाच्या पानावर यायचं. मग मुलगी बघायच्या कार्यक्रमात आलं. मग लिफ्ट अडकली तेव्हा आलं, बँकेत आलं, डॉक्टरनं कुठं दुखतंय विचारलं तेव्हा आलं. वाक्याच्या मागं काही उरलंच नाही. काकूचं काम करणाऱ्या बाई गुणी होत्या, पण त्यांच्या तोंडी जी गावरान भाषा मी घातली ती महाराष्ट्राच्या कुठल्याच तालुक्यात बोलत नाहीत. थोडी कोल्हापूरची, थोडी नागपूरची, आणि हेल कुठलाच नाही. चित्रीकरण पुढं पळत होतं, रोज सकाळी पानं द्यावी लागायची. ते वाक्य टाकलं की अर्धं पान भरायचं. त्या दिवसांत मला लिहायला पूर्वीच्या निम्मा वेळ लागायचा, आणि मी त्याला हात बसला असं म्हणायचो.

पण खरी गोष्ट याच्याही आधीची आहे.

कॉलेजात असताना एकदा मी हुरड्याला घाटनांदूरला गेलो होतो. आगटीपाशी काकू आणि मी दोघंच होतो. त्या भाजलेली कणसं तळहातावर चोळत होत्या, गरम दाणे फुंकून माझ्यापुढं सारत होत्या. मी म्हणालो, काकू, लोकांना एवढं बळंच कशाला वाढता. त्या आधी हसल्या.

"माजी पयली येळवस हितलीच," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन म्हैना झाला नव्हता. सकाळपासून पाटी डोक्यावर. समदे जेवले, मग आमी बाया बसलो. सासूबाईंनी इच्यारलं, आनखी पायजे का गं. नव्या नवरीनं हो म्हनायचं आसतंय का? म्हनलं, बास. त्या गेल्या की म्होरं."

"मग?"

"मग काय. येवढी भूक लागलती की बांधाआड जाऊन हिरवा हरभरा खाल्ला म्या. आंबीनं व्हट फुटले. लई रडले बग. सासूबाई वाईट नव्हत्या रं नागू. त्यांनी इच्यारलं, मी न्हाई म्हनले, संपलं. तवाच ठरविलं, आपुन कुनाला इच्यारायचंच न्हाई. इच्यारलं की लाजरं मानूस उपाशी ऱ्हातंय."

हे त्यांनी आप्पांनाही कधी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, कारण मी विचारलं आणि मी त्यांचा नागू होतो.

मालिकेत एका भागात मी हे सगळं लिहिलं. दोन मिनिटांचा प्रसंग. सोसायटीतली एक नवी सून काकूला विचारते, तुम्ही असं का करता, आणि काकू सांगते. लिहून झाल्यावर मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो, इतकं ते बरं झालं होतं. दिग्दर्शकानं वाचलं. म्हणाला, "छान आहे. पण इथं हशा कुठं येतो? बघ तू. तुला वाटलं तर ठेव." खापर फोडायला इतरांची डोकी शोधली असती तर मिळाली असती, पण तो एवढंच म्हणाला होता. तुला वाटलं तर ठेव. मी दहा मिनिटांत तो प्रसंग काढला. त्या जागी पाहुणा नको असलेली खीर कुंडीत ओततो आणि कुंडीतलं झाड दुसऱ्या दिवशी तरारून येतं, असं काहीतरी टाकलं. ते खूप चाललं. काकूंची सवय मी ठेवली आणि सवयीचं कारण कापून टाकलं. आता वाटतं, विनोद वाईट लिहायला याहून जास्त काही करावं लागत नाही.

त्याच हिवाळ्यात येळवसला मी घाटनांदूरला गेलो. मालिका तेव्हा जोरात होती. जीपमधून उतरल्यापासून माणसं ओळख दाखवत होती, आप्पा दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाला "हे आमचे नागनाथ, टीव्हीचे" असं सांगत होते, आणि मी अंग चोरून घेतल्याचं नाटक करत होतो. आतून मी फुगलेलो होतो. रानाकडं निघालो तेव्हा काकू पुढं, डोक्यावर पाटी, पाटीवर नवं कोरं कापड. मोटारसायकलवरून दोन पोरं गेली आणि त्यांतला मागचा वळून ओरडला, "काकू, पोटाला इच्यारून सांगा." काकू हसल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुजामुळं वळखाय लागले की मला." त्यांच्या त्या हसण्यात कौतुक होतं. माझं कौतुक. 

पंगतीला त्या वर्षी दुप्पट माणसं होती. शेजारच्या चार रानांतली माणसं स्वतःचं जेवण टाकून आली होती, आणि ती जेवायला आलेलीच नव्हती. काकूंची पळी वर आली की सगळे थांबायचे, वाट बघायचे. काकू बोलल्या की एकदम हसायचे. काकू पहिल्यांदा गोंधळल्या. मग त्याही हसल्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांनी न बोलता वाढलं, तर एक जण म्हणाला, "काकू, ते म्हना की."

आता मी काय केलं ते सांगतो. मी खिशातून मोबाईल काढला. म्हणालो, "काकू, इथं उजेडाकडं या. पळी जरा वर धरा. हां, आणि आता म्हणा." त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "जरा जोरात. आणि हात असा करा, मालिकेतली करते ना, तसा." काकूंनी तसा हात केला. जन्मभर ज्या हातानं त्या वाढत आल्या होत्या तो हात त्यांनी माझ्या नटीसारखा करून दाखवला. पळीतली भज्जी ढेकळांवर सांडली. सगळे हसले. मी तीन वेळा करवून घेतलं, कारण दुसऱ्या वेळी मागं बैल हंबरला होता. मग तो व्हिडिओ मी आमच्या लेखकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "ओरिजिनल." काकूंना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. दिवस मावळायच्या आत तो कुठल्या कुठं गेला होता.

ऊन उतरल्यावर काकू भांडी विसळत होत्या. मी जवळ जाऊन बसलो. त्यांनी मान वर न करता विचारलं, "नागू, तुजी ती टीव्हीतली बाई येडी हाय का रं?"

"छे. वेडी कशाला? भोळी आहे."

"मंग लोक हसत्यात ते तिला कळत न्हाई?"

मी तज्ज्ञासारखा बोललो. म्हणालो, "तिला कळत नाही काकू, म्हणून तर गंमत येते."

"हां," त्या म्हणाल्या. राखेनं पातेलं घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला तर कळतंय की."

मी काहीतरी बोललो. बहुतेक, लोक प्रेमानं हसतात असलं काही. काकूंनी पातेलं पालथं घातलं आणि त्या कोपीकडं निघून गेल्या. संध्याकाळी आप्पा कडब्याची पेटती पेंढी घेऊन रानाभोवती धावले, पोरं मागं धावली. मी बांधावर उभा होतो. मला लाज वाटत होती, आणि त्यातही मला वाटत होतं की हा संवाद फार चांगला आहे, कुठंतरी वापरता येईल. स्वतःची किळस येणं म्हणजे काय ते मला त्या बांधावर कळलं.

म्हाळप्पामामा तिथंच मेंढ्या वळवत होते. त्यांच्याकडं मोबाईल होता, आणि मेंढ्या चरत असताना ते आमची मालिका बघायचे. मला हे तोवर ठाऊक नव्हतं. मी त्यांना हसत विचारलं, "मग मामा, कशी वाटते?" एका धनगराच्या मताला घाबरायचं मला काही कारण नव्हतं.

"पयल्यांदा बरं लिवत व्हतास," ते म्हणाले. "त्यो मीटरवाला आला बग, तवा माजं मेंढरू हरभऱ्यात घुसलं तरी कळलं न्हाई मला. मंग आळस केलास तू."

"आळस कसला?"

"आरं, आमी मेंढरांना येकच हाळी परत परत देतो. मेंढराला तेवढीच कळती म्हनून. तू मानसांना तशी द्याय लागलास." त्यांनी एक चुकार मेंढी काठीनं आत घेतली. "आन दुसरं सांगू का? ती बाई समद्यांना वाढती, वाढती, नुसती वाढती. पर कावून वाढती? ते कुटंच न्हाई. कारन असल्याबिगर कुनी येवढं वाढतंय का?"

मालिकेवर पुढं वर्तमानपत्रांत बरंवाईट पुष्कळ छापून आलं. त्यातलं एकही वाक्य आता मला आठवत नाही. म्हाळप्पामामांचा हा प्रश्न मात्र लिहायला बसलो की आधी येऊन बसतो. आणि त्याचं उत्तर तर मी लिहून, टाइप करून, स्वतःच्या हातानं पुसलं होतं.

त्यानंतर दोन येळवशी मी चुकवल्या. चित्रीकरण आहे, तब्येत बरी नाही, असं काहीबाही सांगितलं. बसू फोनवर गावचं सांगायचा. बाजारात अनोळखी माणसं आईला ते वाक्य म्हणायला लावतात. एका लग्नात तिला पंगतीत उभं करून व्हिडिओ काढले. मग तिनं लग्नांना जायचं सोडलं. एकदा तो सहज म्हणाला, "आई आता वाढताना कायच बोलत न्हाई दादा. गपचिप वाढती येकदा आन बसती. आप्पा म्हनतेत, वय झालं." मी बरं म्हणालो. मालिका त्यानंतर सहाएक महिन्यांनी बंद पडली. लोकांना तेच ते वाक्य ऐकून कंटाळा आला, असं कळवण्यात आलं. लोकांना कंटाळा आला म्हणजे त्यांनी दुसरं काहीतरी लावलं. काकूंना कुठलं बटण दाबायचं होतं?

यंदा बसूचं लग्न झालं, वैशाखात. मी लग्नालाही जेमतेम उभा राहून आलो होतो. डहाळ्याच्या जुड्या ओट्यावर पडल्या होत्या तेव्हा त्याचा फोन आला. "दादा, सुवर्णाची पयली येळवस हाय. यंदा तरी ये." मी येतो म्हणालो. रात्रभर विचार करून मी एक गोष्ट ठरवली. माफी मागायची नाही. माफी मागितली की काकू लगेच "आसू दे" म्हणतील आणि मी मोकळा होईन, आणि मला मोकळं व्हायचा हक्क नाही. त्यापेक्षा पंगतीला बसायचं, पत्रावळ साफ करायची आणि पुढं सरकवून म्हणायचं, काकू, वाढा. मागून घ्यायचं. लाजायचं नाही. त्यांच्या घरात इतक्या वर्षांत कुणी मागून घेतलेलं नव्हतं. तेवढं तरी मला त्यांना द्यायचं होतं.

रान तसंच होतं. ज्वारी तशीच, कोप तशीच, आप्पांची आरोळी जरा दमलेली. काकू थकल्या होत्या, पण पाटी त्यांनीच आणली होती. मला बघून म्हणाल्या, "आलास? बरं झालं." त्यात कुठं राग नव्हता. राग असता तर मी त्याला धरून काही बोललो असतो.

पंगत बसली. सुवर्णा समोरच्या ओळीत, डोक्यावरचा पदर सारखा करत, अगदी थोडं थोडं खात होती. केजची मुलगी, शिकलेली, पण त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. काकू भज्जीचं पातेलं घेऊन आल्या. सुवर्णानं पत्रावळीवर हात आडवा धरला आणि हळूच म्हणाली, "बास, आत्याबाई." काकूंनी कोपीकडं बघितलं. आणि कोपीकडं बघत बघत त्यांनी पळीभर भज्जी तिच्या बोटांवरून सोडली. तोंडातून शब्द नाही. मग थांबून आणखी एक पळी. सुवर्णा खाली मान घालून जेवायला लागली, आणि या वेळी भरभर.

माझा जीव भांड्यात पडला. सगळं आहे तिथंच आहे, मला वाटलं. मी शेवटचा घास उचलला, पत्रावळ बोटानं पुसून काढली, मन घट्ट केलं. काकू माझ्यापुढं आल्या. पळी पातेल्यातच होती. त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि पाहुण्याला विचारावं तसं नीट, शांतपणे विचारलं.

"आनखी पायजे का?"

आणि माझं तोंड म्हणालं, "बास."

कसं म्हणालं ते मला सांगता येणार नाही. सगळं पाठ करून आलो होतो. पण कुणी असं समोर उभं राहून, डोळ्यांत बघून विचारलं की जीभ आपोआप नको म्हणून बसते. काकूंनी मान हलवली. त्या पुढं गेल्या. मी रिकाम्या पत्रावळीवर बोटं टेकवून बसून राहिलो. आदल्या रात्रीच निघालो होतो, एसटीत काही खाल्लं नव्हतं. मला सडकून भूक लागली होती.

हात धुवायच्या निमित्तानं मी बांधापलीकडं गेलो. तिथं हरभरा होता, न धुतलेला, आंब धरलेला. मी खाली बसून घाटे तोडायला लागलो. एक सोलला, खाल्ला, दुसरा सोलला. किती खाल्ले कुणास ठाऊक. घुंगराचा आवाज आला तेव्हा मान वर केली. म्हाळप्पामामा मेंढ्या घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या पायाशी पडलेल्या टरफलांकडं बघितलं.

"काय रं नागू. जेवला न्हाईस व्हय?"

"जेवलो की मामा."

"आन काकूनं तुला असं अर्ध्या पोटी उठू दिलं?"

"त्यांनी विचारलं, आणखी पाहिजे का म्हणून," मी म्हणालो. "मीच बास म्हणालो."

म्हाळप्पामामांनी काठी रोवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"काकूनं इच्यारलं?" ते म्हणाले.

ते कोपीकडं बघत उभे राहिले. मी पुढचा घाटा सोलला. ओठ चरचरत होते.